उलटवलेली ओळ

अंबाजोगाईत कुणी विचारलं की तुम्ही विकिपीडियावर नेमकं काय करता, तर मी सरळ सांगते, भांडणं मिटवते. लेखही लिहिते, आमच्या भागातल्या गावांवर, बारवांवर, जुन्या देवळांवर बरंच लिहिलंय. पण अलीकडं माझा जास्त वेळ लेखाच्या मागं असलेल्या चर्चा पानावर जातो. तिथं दोन माणसं एका वाक्यावरून अडून बसलेली असतात. दोघांनाही या कामाचा छदाम मिळत नाही, दोघंही दिवसभराची कामं उरकून रात्री बसलेले असतात, आणि समोरचा माणूस लेखाची नासाडी करतोय असं दोघांनाही मनापासून वाटत असतं.

मी इथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. वर्तमानपत्रं लावणं, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बसायला जागा करून देणं, अनुदानाचे कागद, यातून उरलेला वेळ विकिपीडियाचा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवणारा संपादक तिथं नाही. एकानं लिहावं, दुसऱ्यानं बदलावं, आणि आधीची प्रत्येक आवृत्ती ‘इतिहास’मध्ये जशीच्या तशी राहावी, असा त्याचा कारभार. बदल पटला नाही तर ‘उलटवा’वर टिचकी मारायची, पान पुन्हा पहिल्यासारखं होतं.

ही सोय केली ती उत्पात करणाऱ्यांसाठी. कुणी रात्रीतून येऊन पान कोरं केलं, शिव्या लिहून ठेवल्या, तर क्षणात सगळं जागेवर यावं म्हणून. तीच टिचकी एखाद्या प्रामाणिक माणसाच्या ओळीवर पडली की त्याचं काय होतं, ते मी फार जवळून पाहिलंय. सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्याबद्दलच.

भूम तालुक्यातला एक मुलगा इथं शिकायला होता. आमच्या ग्रंथालयात अभ्यासाला बसायचा, पण तो विकिपीडियावर लिहितो हे मला माहीत नव्हतं. त्यानं मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या लेखात एक ओळ घातली. आपल्या गावच्या थोर क्रांतिवीरानं निजामाचा करोडगिरी नाका जाळला आणि रझाकारांना सळो की पळो करून सोडलं, अशा अर्थाची. क्रांतिवीर म्हणजे त्याचे आबा. एका जुन्या सदस्यानं ओळ उलटवली आणि कारणाच्या जागी लिहिलं, ‘संदर्भ नाही’. मुलानं पुन्हा घातली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा त्याच्या सदस्य चर्चा पानावर सूचनेचा एक ठरलेला साचा येऊन चिकटला, लाल चौकटीतला. त्यावर मुलगा चावडीवर आला. चावडी म्हणजे सगळ्या सदस्यांची बोलायची जागा. तिथं त्यानं लिहिलं की पुण्यात बसून तुम्हाला आमचा इतिहास काय कळणार, निजामाच्या काळात तुमच्या घरात कुणी मार खाल्ला होता का.

ज्यांना उद्देशून हे लिहिलं ते गृहस्थ नांदेडचे. त्यांच्या सदस्य पानावर गावाचा उल्लेख नव्हता, मुलाला कळायचा मार्गच नव्हता.

अशा वेळी मी पहिली गोष्ट करते ती म्हणजे लेखाला कुणी हात लावू नये असं सांगते. पान त्या क्षणी ज्या आवृत्तीवर असेल तिथंच राहू द्यायचं. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी सरळ नियमच आहे, एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर खात्यावर बंदी येऊ शकते, मग तुमचं म्हणणं खरं असो की खोटं. मला हा नियम आवडतो, कारण त्यात कोण बरोबर हा प्रश्नच नाही. आधी हात थांबवा, मग बोला. प्रचालकाला, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्याला सांगून पान काही दिवस सुरक्षितही करून घेता येतं. त्यावर दोन्ही बाजू हमखास चिडतात, कारण पान चुकीच्या आवृत्तीवर गोठलं असं दोघांनाही वाटतं. वाटू द्यावं.

दुसरी गोष्ट, इतिहास खालून वर वाचायचा. म्हणजे सगळ्यात जुन्या बदलापासून. चावडीवर माणसं जे सांगतात तो त्यांचा राग असतो. इतिहासात काय घडलं ते क्रमानं दिसतं. तो वाचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. मुलानं प्रत्येक वेळी ओळ थोडी सुधारली होती. तिसऱ्या वेळी ‘सळो की पळो’ त्यानं आपणहून काढलं होतं. म्हणजे तो ऐकत होता, त्याला कुणी काही सांगत मात्र नव्हतं. आणि नांदेडच्या गृहस्थांनी त्या आठवड्यात त्याच लेखातून अशा कितीतरी ओळी काढल्या होत्या. सप्टेंबर होता. दरवर्षी १७ सप्टेंबर, म्हणजे मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून लोक येतात आणि आपापल्या गावची, आपापल्या घरची नावं लेखात घालतात. सगळी ठेवली तर लेखाची नामावली होईल आणि हैदराबाद संस्थानात काय घडलं हे वाचणाऱ्याला सापडणार नाही. ते गृहस्थ एकट्यानं ते पान राखत होते, आणि थकले होते.

मी मुलाला त्याच्या चर्चा पानावर लिहिलं, लेखाच्या नव्हे. सगळ्यांसमोर समजूत काढली की माणूस आणखी ताठ होतो. तुमची ओळ खोटी आहे असं कुणी म्हटलेलं नाही, संदर्भ शोधायला मी मदत करते, मी अंबाजोगाईला असते, एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर उभा. “मॅडम, तुम्हीच का त्या? मी तर रोज इथंच बसतो.”

त्यानं मोबाइल काढला. आबा जायच्या आधी त्यानं त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आम्ही दोघांनी वाचनालय बंद झाल्यावर ते ऐकलं. घरी न सांगता निघाल्याचं, रात्रीचं चालत बार्शीकडच्या कॅम्पात गेल्याचं, शिंदीची झाडं तोडल्याचं. बार्शी तालुका इंग्रजी मुलखात आणि भूम, परांडा निजामाच्या, त्यामुळं सरहद्दीच्या पलीकडं कॅम्प असायचे आणि तिथून अलीकडं येऊन करोडगिरी नाक्यांवर, म्हणजे जकातीच्या नाक्यांवर हल्ले व्हायचे. शिंदी तोडायची ती सरकारचं आबकारीचं उत्पन्न बुडवायला. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं. म्हाताऱ्या आवाजात ऐकताना ते वेगळंच वाटलं. मधे एकदा आबा थांबतात आणि कुणाला तरी विचारतात, बैलं पाजली का.

“आता सांगा,” पोरगा म्हणाला, “हे खोटं हाय का?”

मी म्हटलं, नाही. पण गडचिरोलीत बसून हा लेख वाचणाऱ्या मुलीला ते तपासता आलं पाहिजे. तिला तुझा मोबाइल मिळणार नाही, आबाही भेटणार नाहीत. विकिपीडियावरच्या ओळीमागं असं काहीतरी लागतं जे तुझ्या-माझ्याशिवाय तिसऱ्या कुणीतरी पारखून छापलेलं आहे आणि कुणालाही उघडून बघता येतं. हे तू खरा की खोटा यावर नाही, तू कोण आहेस हे तिला माहीत नाही यावर आहे.

त्याला पटलं नाही. मला वाटतं, त्याच्या जागी मलाही पटलं नसतं.

त्याच रात्री मी नांदेडच्या गृहस्थांना लिहिलं. आपल्या नियमांत ‘सद्भाव गृहीत धरा’ असं आहे, ते त्यांना मी शिकवायची गरज नव्हती, ते माझ्याआधीपासून इथं आहेत. मी एवढंच लिहिलं की हा उत्पात करणारा नाही, नवा माणूस आहे, त्याच्या आजोबांचं आहे हे सगळं, आणि तीन वेळच्या उलटवण्यात त्याला आपल्याकडून एकूण मोजके शब्द मिळाले. त्यांचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते उत्तर नव्हतंच, एक पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक होता. सरहद्दीवरच्या कॅम्पांवरचं एक जुनं पुस्तक त्यांनी घरच्या कपाटातून काढलं होतं, आणि त्या मुलाच्या गावच्या नाक्यावर हल्ला झाल्याची नोंद त्यात सापडली होती. आमच्या ग्रंथालयातही ते पुस्तक आहे. मी पान उघडून पाहिलं. गावाचं नाव आहे, नाका जाळल्याचं आहे, कॅम्पाचं आहे. माणसांची नावं नाहीत.

मग ओळ झाली ती अशी: बार्शी भागातील शिबिरांतल्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवरील करोडगिरी नाक्यांवर हल्ले केले, त्यांत अमुक गावचा नाकाही होता. शेवटी पुस्तक, पान क्रमांक. ती ओळ त्या मुलानंच लेखात घातली, गृहस्थांनी ती तपासून ठेवली, आणि चर्चा पानावर त्याला लिहिलं की माझ्या आईच्या माहेरचेही एक जण अशाच कॅम्पात होते, त्यांचंही नाव कुठं छापलेलं नाही.

आबांचं नाव लेखात आलेलं नाही. मुलाचं म्हणणं आजही तेच आहे, की यायला पाहिजे. मी त्याला सांगितलं, रेकॉर्डिंगची एक प्रत ग्रंथालयात दे, एक लिहून काढलेली प्रत दे. आज ना उद्या कुणी या भागाच्या इतिहासावर नीट काम करील, त्याच्या हाताशी हे असू दे. त्यानं छापलं की मग तीच ओळ नावासकट लिहिता येईल. त्यानं दिली प्रत. पण पुढं तो भूम तालुक्यातल्या गावांच्या लेखांवर काम करायला लागला, नद्या, शिवार, आठवडी बाजार, जनगणनेचे आकडे, अजूनही करतो. मला या सगळ्या प्रकरणात याचंच समाधान सगळ्यात जास्त आहे. मराठी विकिपीडियावर सातत्यानं लिहिणारी माणसं थोडी आहेत. मराठवाड्यातल्या खेड्यांबद्दल लिहिणारी तर बोटांवर मोजावीत इतकी. लेखात एखादी बिनसंदर्भ ओळ आठवडाभर राहिली तर तेवढं बिघडत नाही, ती नंतर काढता येते. असा पोरगा चावडीवरून अपमान घेऊन गेला असता तर त्या तालुक्याचे लेख लिहायला मी कुणाला बोलावलं असतं?

जुन्या सदस्यांशी माझं भांडण असेल तर ते एवढंच. दोन शब्दांच्या जागी दोन वाक्यं लिहा. साचा चिकटवण्याआधी एकदा त्या माणसाशी बोला.

१७ सप्टेंबरच्याच विषयावर दुसरा एक वाद झाला, तो याहून अवघड होता. भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, इथपर्यंत सगळे एक असतात. त्यानंतर सुरू होतं. एकाला लेखात फक्त रझाकारांचे अत्याचार हवे होते. दुसऱ्यानं, तो आमच्याच मराठवाड्यातला मुसलमान मुलगा, कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेबद्दल परिच्छेद घातला, तो पहिल्यानं काढला, मग दुसऱ्यानं रागानं रझाकारांचा परिच्छेद काढला. मग दोघंही एकमेकांना ‘उत्पात’ म्हणायला लागले.

हा वाद मिटला तो दोघांपैकी कुणाचं मन वळवून मिटला नाही. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत आणि दोन्हींवर छापील साधनं आहेत, तेव्हा दोन्ही राहणार, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मग प्रत्येक वाक्याला विचारलं, हे कोण म्हणतं? पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला केंद्र सरकारनं पाहणीला पाठवलं होतं, तिचा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही, आणि तिच्या अंदाजानुसार २७ हजार ते ४० हजार माणसं मेली. आधीच्या मसुद्यात हा आकडा नुसता होता, जणू कुणी मोजून ठेवलाय. ‘समितीच्या अंदाजानुसार’ हे दोन शब्द पुढं आल्यावर पहिल्या सदस्याचा विरोध सौम्य झाला, कारण आता तो आकडा विकिपीडियाचा राहिला नव्हता, समितीचा झाला होता. रझाकारांच्या परिच्छेदातही तेच केलं. ‘अमानुष’, ‘क्रूर’ ही विशेषणं गेली, गावं आणि तारखा आल्या. मी तो परिच्छेद पुन्हा वाचला तेव्हा विशेषणं गेल्यावर तो जास्त अंगावर आला.

तटस्थ दृष्टिकोन म्हणजे दोन्ही बाजूंना सारख्या ओळी वाटून देणं, असा एक समज आहे. तसं नाही. ज्याला जितका चांगला आधार, त्याला तितकी जागा. आणि सगळ्यांनी एकमतानं मान्य केलेली गोष्ट सोडली, तर बाकी प्रत्येक मत त्या मताच्या मालकाच्या नावावर.

लोक मला विचारतात, वर कुणी न्यायाधीश नाही का? इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून एक लवाद समिती आहे, सदस्यांच्या मतदानातून निवडलेली. पण तीसुद्धा लेखात काय लिहायचं यावर निकाल देत नाही. ती फक्त कोण कसं वागलं ते बघते. तिथं पूर्वी मध्यस्थी करणारीही एक समिती होती, ती २०१८ मध्ये बंद झाली. म्हणजे इतक्या मोठ्या विकिपीडियावरही शेवटी मजकुराचा वाद लिहिणाऱ्यांनाच बसून सोडवावा लागतो. दोघंच अडले असतील तर ते तिसऱ्या, त्या वादात नसलेल्या सदस्याला बोलावतात आणि त्याचं मत घेतात. मला ही पद्धत सगळ्यात उपयोगी वाटते आणि आपल्याकडं ती चावडीवर एक ओळ टाकून जमते. तिसऱ्याचं मत बंधनकारक नसतं. तरीही बहुतेक वेळा काम होतं, कारण दोघांनाही पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं सगळं वाचलेलं असतं.

तिसरा मात्र खरोखर तिसरा पाहिजे. परळी वैजनाथचा वाद आला तेव्हा मी त्यात पडले नाही, परळी माझं माहेर. बारा ज्योतिर्लिंगांतलं वैद्यनाथ परळीचं की झारखंडातल्या देवघरचं, हा वाद विकिपीडियाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. ‘परल्यां वैद्यनाथं च’ असा पाठ लहानपणी मी पाठ केलाय. शिवपुराणात ‘वैद्यनाथं चिताभूमौ’ असा पाठ आहे आणि देवघरचे लोक तो दाखवतात. औंढा नागनाथाचंही तसंच, तिथं द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर उभं आहे. चर्चा पानावर श्लोकांचे ढीग पडले. ‘पूर्वोत्तरे’ म्हणजे ईशान्येला, मग परळी कशी, असं एकानं मांडलं. ‘याम्ये’ म्हणजे दक्षिणेला, मग औंढाच, असं दुसऱ्यानं. वाचायला मला फार आवडलं ते. पण श्लोकाचा अर्थ लावून निकाल देणं हे सदस्यांचं काम नाही. स्वतःचं संशोधन तिथं चालत नाही, मग ते कितीही विद्वत्तेचं असो. तज्ज्ञांनी काय लिहिलंय एवढंच आपण सांगायचं.

तेवढ्यात कुणीतरी आमच्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुवा टाकला, ‘परळीचा अपमान, सगळ्यांनी जाऊन मत द्या’. रात्रीतून नवी खाती उघडली गेली आणि सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं. माझ्या भाच्यानंही. त्याला मी फोन केला. “आत्या, तू पण परळीचीच ना?” आहे की. पण तिथं डोकी मोजत नाहीत, म्हणणं काय आणि त्याला आधार काय ते बघतात. शंभर जणांनी तेच लिहिलं तरी ते एकच म्हणणं धरलं जातं. उलट अशी माणसं गोळा करून आणली की खरोखर अभ्यास असलेल्या परळीकराचं म्हणणंही त्या गर्दीत वाया जातं. वाद हाताळला तो कोकणातल्या एका सदस्यानं, ज्याचा या दोन्ही गावांशी काही संबंध नाही. लेखात आता परळीची परंपरा काय सांगते, देवघरची काय सांगते, कुठला पाठ कुठं आहे, हे शेजारी शेजारी आहे. मला बारीक खंत आहे, ती आहेच. ते वाक्य मी बदललेलं नाही.

नावांचे वाद वेगळ्या प्रकारचे. त्यात पुरावा दोन्हीकडं असतो, प्रश्न कुठल्या काळासाठी कुठलं नाव एवढाच. इंग्रजी विकिपीडियावर पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरावरून असा वाद चिघळला होता, जर्मन नाव डान्त्सिख लिहायचं की पोलिश. २००५ मध्ये कौल घेऊन त्यांनी काळाचे तुकडे पाडले: १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्त्सिख, त्याआधी आणि १९४५ नंतर ग्दान्स्क, आणि पहिल्या उल्लेखात दुसरं नावही द्यायचं. कुणाचंही पूर्ण समाधान झालं नसेल. पण लेख लिहिता यायला लागले.

आपल्याकडं फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं नामांतराला मान्यता दिली, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. लेखांची शीर्षकं बदलली, ती बदलायलाच हवी होती. पण काही जणांनी उत्साहानं सगळीकडं जुना शब्द शोधून नवा घातला. १९९३ च्या भूकंपाच्या लेखात, निजामकाळाच्या लेखात, आणि संदर्भांच्या यादीतसुद्धा. १९७२ साली निघालेल्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या गॅझेटिअरचं नाव ‘धाराशिव जिल्हा गॅझेटिअर’ झालं. त्या नावाचा १९७२ चा ग्रंथ जगात कुठंच नाही. एखादा विद्यार्थी तो शोधत माझ्याकडं आला तर मी त्याला काय काढून देऊ? ग्रंथपाल म्हणून मला हे सहन होत नाही. त्याच्या उलट बाजूला काही जण आहेत जे नव्या नावाचा प्रत्येक उल्लेख उलटवत बसलेत, तेही चूकच.

म्हणून चावडीवर मी प्रस्ताव ठेवलाय. लेखाचं शीर्षक आजच्या अधिकृत नावानं. जुन्या घटनेबद्दल लिहिताना त्या वेळचं नाव, आणि लेखातल्या पहिल्या उल्लेखापाशी कंसात आजचं. पुस्तकं, अहवाल, खटले, संस्था यांची नावं जशी छापलीत तशी, त्यांना कुणीही हात लावायचा नाही. ‘लातूर–उस्मानाबाद भूकंप’ असं ज्या अहवालाचं शीर्षक असेल ते तसंच राहील. दोन सदस्यांनी पाठिंबा दिलाय, एकाचं म्हणणं आहे की जुनं नाव कुठंच दिसू नये, आणि एक जण अजून रागात आहे, त्याच्याशी मी त्याच्या चर्चा पानावर बोलतेय. भूमचा तो मुलगाही चर्चेत आलाय. त्यानं विचारलंय की त्याच्या तालुक्यातल्या गावांच्या लेखांत १९४८ च्या आधीच्या घटनांसाठी जिल्ह्याचं नाव काय लिहायचं, आणि उदाहरण म्हणून आपल्याच गावचा नाका दिलाय.

प्रस्ताव महिनाअखेरपर्यंत खुला आहे. मत नोंदवताना कारण लिहा आणि शेवटी सही करायला विसरू नका, नाहीतर कोण बोललं ते कळत नाही. १९७२ चं गॅझेटिअर मी कपाटातून काढून टेबलावरच ठेवलंय. कुणाला त्यातलं काही पडताळून हवं असेल तर चर्चा पानावर विषय आणि गावाचं नाव द्या, संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर बघून पान क्रमांकासकट लिहून देते.